एकाने चुकणारा माणूस

१

श्रावणातल्या बुधवारी दुपारी सुरतेतल्या उधन्यात एका खात्याच्या मागच्या खोलीत बाबुराव मास्टर मेलेला सापडला. त्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. पोलिसांनी त्याला नाव विचारलं, तर त्याने भलतंच सांगितलं. वार विचारला, तर गुरुवार म्हणाला. एका हवालदाराने वैतागून विचारलं, "अरे, गायीला पाय किती ते तरी सांग."

"पाच," तो म्हणाला.

त्याचं खरं नाव हिलाल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको योगिता माझ्या दारात उभी होती. मी श्रीरंग सोनवणे, मूळ अमळनेरचा, सुरतेच्या कोर्टात बावीस वर्षं घासलेला वकील. उधन्यात आमच्या खानदेशातल्या कारागिराने कोणाचं डोकं फोडलं, की फोडणारा माझ्याकडे येतो आणि ज्याचं फुटलं तोही येतो. चहा मात्र दोघांना मीच पाजतो.

"काका, ते तसे नाहीत," योगिता म्हणाली. "ते मुंगीसुद्धा बाजूला करून पाय ठेवतात."

असं सगळ्याच बायका सांगतात. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज ठाम होता, म्हणून मी वकीलपत्रावर सही घेतली.

खातं म्हणजे यंत्रमागाची शेड. पुढच्या खोलीत सहा साचे, म्हणजे माग, मागच्या खोलीत सहा. पुढचे योगराज चालवायचा, मागचे हिलाल. मागच्या खोलीला गल्लीत उघडणारं एक दार होतं. बाबुराव हा खात्याचा मास्टर, म्हणजे साचे दुरुस्त करणारा आणि कारागिरांवर डाफरणारा. तो मागच्या खोलीत साच्याच्या लोखंडी पायावर डोकं आपटून मेला. आदल्या दिवशी हिलालने कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या, सणासाठी रजा मागितली होती आणि बाबुरावाने चारचौघांत त्याच्या आईचा उद्धार केला होता. पोलिसांना एवढं कारण पुरेसं होतं.

"नाटक छे, वकीलसाहेब," फौजदार मला गुजरातीत म्हणाला. "साव नाटक. पाच पाय!"

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

२

हिलालला इस्पितळात पोलीस पहाऱ्यात ठेवलं होतं. तपासणार होत्या डॉ. वत्सला देवतळे, मूळच्या वर्ध्याच्या, मनाच्या आजारांच्या डॉक्टर. बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही दोन क्षण गप्प राहणाऱ्या. वकिलाला अशा माणसांची धास्ती वाटते.

"घरी कोण कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी योगिताकडून कळलेलं सांगितलं. आई उषाबाई, बायको, एक लहान मुलगी. तिघे भाऊ. थोरला रामदास गावी शेती बघतो. हिलाल मधला. धाकटा वाल्मिक याच खात्यात होता. गेल्या वर्षी साच्याच्या चाकात त्याची दोन बोटं गेली आणि तो गावी परतला. चाकावरची जाळी बाबुरावानेच काढून ठेवली होती आणि पोरगा पिऊन आला होता असं वर सांगितलं होतं, असं योगिताचं म्हणणं.

हिलाल खाटेवर बसला होता. तिशीचा, सडसडीत, नजर भिंतीच्या पलीकडे कुठेतरी लागलेली. बाईंनी स्टूल ओढलं.

"हाताला बोटं किती?"

त्याने स्वतःच्या हाताकडे नीट बघितलं. "सहा."

"आठवड्याचे दिवस?"

"आठ."

"दोन आणि दोन?"

"पाच."

"तुम्हाला मुली किती?"

"दोन."

"भाऊ किती तुम्ही?"

"दोन."

"मीठ कसं लागतं?"

"आंबट."

मग बोलता बोलता त्यांनी त्याच्या दंडाला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. हिलालची पापणीसुद्धा हलली नाही. दंड मात्र मी चोळला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, मी त्याचा वकील आहे, तरी सांगतो. एवढं नेमकं चुकायला हुशारी लागते. याला सगळी उत्तरं येतात."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "येतात. आजार तोच आहे, वकीलसाहेब." आणि त्यांनी एक शब्द उच्चारला. मला वाटलं बाईंना शिंक आली.

"फोरबायगेएन," त्यांनी सावकाश पुन्हा सांगितलं. "जर्मन शब्द आहे. बाजूने निघून जाणं. अठराशे सत्त्याण्णव साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी, हाले नावाच्या गावी एका डॉक्टरने हा प्रकार व्याख्यानात मांडला. त्याच्यासमोर तुरुंगातले कैदी होते. घोड्याला पाय किती विचारलं तर तीन सांगायचे. त्याच्या लक्षात आलं, की हे अडाणी माणसाचं उत्तर नाही. प्रश्न कळलाय, माणूस उत्तराच्या दारापर्यंत जातो, आणि आत न शिरता पुढे निघून जातो. पुढे दुसरा शब्द जास्त रूढ झाला, फोरबायरेडन. बाजूने बोलणं. आजाराला त्या डॉक्टरचं नाव चिकटलं."

"म्हणजे सोंग नाही?"

"हेच भांडण शंभर वर्षं चाललंय. कोणी म्हणतं आजार, कोणी म्हणतं शिक्षा चुकवायचं सोंग, कोणी म्हणतं दोन्ही मिसळलेलं. कैद्यांमध्येच जास्त दिसतो, म्हणून संशय. सोमवारी अकरा वाजता मला लिहून द्यायचंय. सोंग लिहिलं तर काय होईल?"

"खुनाचा खटला. वर सोंगाड्या म्हणून न्यायाधीशाचा राग."

"आजार लिहिला तर?"

"बरा होईपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात. बरा झाला की तोच खटला."

त्यांनी वही मिटली. "मग माझ्या शब्दाने याचं काहीच भलं होत नाही. त्या खोलीत काय झालं ते तुम्ही शोधा. हा सांगू शकत नाही."

शुक्रवारची दुपार होती. हातात अडीच दिवस उरले होते.

३

पहिल्यांदा योगराजला गाठला. प्रेत त्यालाच दिसलं होतं, आणि बाबुरावानंतर मास्टर व्हायची घाई त्याला होती हे सगळी गल्ली सांगत होती. सुपारी चघळत तो तिरका उभा राहिला.

"माले काय माहीत, साहेब? मी मन्हा साचावर व्हतू. गिरणीना भोंगा व्हई गया, म्हणून हिलालले जेवाले बलावाले मांगे गऊ. तं मास्तर खाले पडेल, नि हा त्याले मांडीवर लई बठेल."

"झटापट ऐकली नाहीस?"

तो हसला. "तुम्हीन कधी खाताम्हा ऊभा राहिनात का? बंदूक उडनी तरी ऐकू येत नही."

"तू गेलास तेव्हा साचे?"

"चालू. सहाच्या सहा. मीच बंद करात."

हे ऐकून मी पुढे निघालो, आणि दहा पावलांवर थांबलो. मी वकील असलो तरी मावसभावाच्या खात्यात दोन वर्षं साचे चालवलेत. साच्याच्या धोट्यात बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताची कांडी असते, ती पाच-सात मिनिटांत संपते. संपली की साचा थांबतो. सहा साचे म्हणजे कारागीर एकाकडून दुसऱ्याकडे नाचतच असतो. मी परत फिरलो.

"योगराज, मास्टरचं रक्त ओलं होतं?"

"नही. सुकाले लागेल व्हतं. हिलालना हातवरनं बी."

डॉक्टरांच्या कागदातही तेच होतं. मरण साडेबाराच्या भोंग्याच्या अर्धा-पाऊण तास आधीचं. मग ह्या अर्ध्या तासात सहा साच्यांच्या कांड्या कोणी बदलल्या? मी मालकाच्या माणसाच्या हातापाया पडून मागच्या खोलीतलं कापड उलगडायला लावलं. पांढरंशुभ्र कापड, साचा बराच वेळ थांबला की उमटते ती खोट कुठे नाही, आणि रक्ताचा एक ठिपका नाही. हिलालचे दोन्ही हात मनगटापर्यंत माखलेले होते. त्याने त्या हातांनी कांडी बदलली असती तर कापड बोललं असतं.

योगराजचं कापडही मी पाहिलं. तेही अखंड. त्याला स्वतःचे सहा साचे सोडून यायला सवडच नव्हती.

म्हणजे मेलेल्या मास्टरच्या शेजारी अर्धा तास कोणीतरी तिसरा माणूस स्वच्छ हातांनी साचे चालवत होता. 

४

साचे येणारा आणि मागचं दार माहीत असलेला माणूस म्हटल्यावर पहिलं नाव उखाचं. हिलालचा जोडीदार, म्हणजे त्याच सहा साच्यांवर रात्रपाळी करणारा. बाबुरावाने त्याला सोमवारपासून येऊ नको असं सांगितलं होतं. मी मनात त्याला पार फासावर चढवून टाकलं आणि शनिवारी सकाळी त्याच्या खोलीवर थडकलो.

"मास्तर मरना तं मरना," उखा झोपमोड झाल्याने खेकसला. "मी काय त्याले वर धाडाले गऊ का? बुधवारे बारा वाजता मी नळवर व्हतू. इचारा चाळीस बायासले."

विचारलं. नळाच्या रांगेत नंबरावरून उखाने असं काही भांडण केलं होतं, की बायकांना त्यातल्या शिव्या क्रमवार पाठ होत्या. साडेअकरापासून भोंग्यापर्यंत तो तिथेच होता. इतका पक्का निर्दोष माणूस मी कोर्टातही पाहिला नाही.

माझं तोंड उतरलं. इस्पितळात जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, मग वही उघडून माझ्यापुढे सरकवली. हिलालला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं.

"आकड्यांची उत्तरं बघा. पाय, बोटं, दिवस, महिने, मुली. काय दिसतं?"

"एक जास्त. प्रत्येक वेळी एक जास्त."

"प्रत्येक वेळी?"

मी बोट फिरवत खाली आलो आणि थांबलो. भाऊ किती. दोन. पुन्हा विचारलं, दोन. तिसऱ्यांदा, दोन.

"तिघे आहेत ते," मी म्हणालो. "चार म्हणायला हवं होतं."

"हो ना! हा माणूस सगळीकडे दारावरून पुढे जातो. ह्या एकाच दाराशी तो अलीकडे थांबलाय. सोंग करणाऱ्याला एवढं भान राहत नाही, वकीलसाहेब, आणि भावांची संख्या चुकवून त्याला फायदाही नाही. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरसारखं मीही इतके दिवस तो कुठे पोचतो तेच बघत होते. बघायला हवं होतं, की कोणतं दार तो टाळतोय." त्यांनी चष्मा पुसला. "त्याने एक भाऊ कमी केलाय. कोणता?"

रामदासने आयुष्यात साच्याला हात लावलेला नव्हता.

"वाल्मिक गावी आहे," मी म्हणालो. "आई सांगते, बायको सांगते, पोलिसांनाही तसंच लिहून दिलंय."

"मग आईकडे जाऊ या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली.

५

उषाबाईंची खोली उधन्यातल्या चाळीत, एका दाराची, वर फळ्यांचा माळा. कोपऱ्यात रविवारच्या कानबाईसाठी जागा सारवून ठेवली होती. मुलगा पोलिसांच्या ताब्यात आणि घरात सणाची तयारी, बाईंना ते चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटलं.

"देवीनं काम शे," उषाबाई म्हणाल्या. "बंद कसं ठेवसू? बठा."

त्या सूप पुढे घेऊन गहू काढत होत्या. योगिता चहा टाकायला उठली. मी वाल्मिकबद्दल विचारलं. "गावले," उषाबाई म्हणाल्या. कधी गेला? "गया सालले." मधे आला होता? "नही." प्रत्येक उत्तर बरोबर, आणि नजर सुपात. त्यांनी पोत्यात हात घातला, एक भरली मूठ काढली, मग चिमटीत थोडे दाणे, आणि सुपात ढीग केला. काहीतरी पुटपुटल्या. पुन्हा मूठ, पुन्हा थोडे दाणे, शेजारी दुसरा ढीग. मग पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"हे काय मोजतात?" वत्सलाबाईंनी मला हळूच विचारलं.

"कानबाईचे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. त्या पिठाचंच जेवण, आणि ते भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला कणभर देत नाहीत." मी सवयीने सांगत होतो. "आमच्याकडे ज्याचे भाऊबंद दोन गावी वाटले गेलेत, तिथे माणूस त्या दिवशी ज्या घरात जेवणार त्याच घरात त्याची मूठ. दोन्हीकडे मूठ घालणं म्हणजे देवीशी लबाडी."

बोलता बोलता माझी जीभ जड झाली.

या घरात पुरुष एकच होता. तोही इस्पितळात. त्याची मूठ घालणार, ते समजलं. आई आहे, आशा आहे. पण सुपात ढीग दोन होते.

"मावशी," मी विचारलं, "ही दुसरी मूठ कोणाच्या नावाची?"

 उषाबाईंचा हात सुपावर तसाच राहिला. पोलिसांशी ही बाई तीन दिवस न अडखळता खोटं बोलली होती. माझ्याशीही बोलली होती. आता तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. देवीच्या गव्हावर हात ठेवून तिला ते जमेना.

"वाल्मिक या घरात जेवणार आहे," मी म्हणालो. "वाल्मिक इथेच आहे."

"श्रीरंग," म्हातारीने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "दोन्ही डोया मन्हाच शेतस. कोनता फोडू? तूच सांग."

 दोन डोळ्यांतला कोणता फोडायचा, हा सल्ला बावीस वर्षांत माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. 

तेवढ्यात डोक्यावरची फळी करकरली.

६

वाल्मिक माळ्यावरून उतरला तो पाठमोरा, तीन बोटांच्या हाताने शिडी धरत. पंचवीस वर्षांचा असेल. आईच्या पायाशी बसला आणि माझ्याकडे न बघता सांगू लागला.

"मी त्याले मारं नही. ढकली दिन्हं फक्त. काम मांगाले ऊनतू. मांगला दारतून, हिलालभाऊले भेटाले. मास्तर मन्हा हात धरीसन हासना. म्हणे, आजून तीन राहिनात कापाना." त्याने ओठ चावला. "माले दिसेनासं व्हयनं. त्याले ढकलं, नि तो लोखंडवर पडना."

"मग पळाला का नाहीस?"

"हिलालभाऊ म्हणे, पय. तू आठे नव्हताच. पन गल्लीम्हा मानसे व्हतात, एकला दिसतू. नि साचा बंद पडता तं योगराज पयत येता."

मी मान डोलावली. खात्यात कितीही आवाज झाला तरी कोणी ढुंकून बघत नाही. आवाज थांबला की सगळे धावत येतात. कारागिराशिवाय हे कोणाला सुचलं नसतं.

"म्हणून मी कांड्या बदलत राहिनू. हिलालभाऊ मास्तरले उठ उठ करे. मंग त्यानं बोलनंच बंद व्हयनं. भोंगा व्हयना, गल्ली मानसेसनी भरनी, नि मी त्या गर्दीम्हा निंघी गऊ." मग तो पहिल्यांदा वर बघत म्हणाला, "माले वाटनं, येडा शे म्हनीसन सोडी देतीन त्याले."

वत्सलाबाई बोलल्या. आवाज मऊ होता, पण त्यांनी काही राखून ठेवलं नाही. "सोडणार नाहीत, वाल्मिक. तू नव्हतास असं तो तुला म्हणाला ना? ते खरं ठेवण्यासाठी त्याला तुला विसरावं लागतंय. खरं बोलला तर तू जातोस, आणि खोटं त्याला येत नाही. म्हणून तो प्रत्येक प्रश्नाच्या बाजूने निघून जातोय. गायीच्या पायांच्यासुद्धा."

उषाबाई रडल्या त्या तेव्हा. आवाज न करता, सूप उराशी धरून.

"सोमवारी अकराला अहवाल द्यायचाय," बाई म्हणाल्या.

"माले रोट खाऊ द्या," वाल्मिक म्हणाला. "सोमवारे सकाळे मी मन्हा पायवर येस."

मी कायद्याचा माणूस. उठून पोलिसांना कळवायचं सोडून मी त्याला उद्याचा एक दिवस दिला. त्याबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. सोमवारी सकाळी नऊ वाजता तो अंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून माझ्या दारात उभा होता, आणि साडेनऊला आम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलो. फौजदाराने त्याचं सगळं म्हणणं ऐकलं आणि या खेपेला नाटक हा शब्द काढला नाही.

साडेदहाच्या सुमारास मी आणि वत्सलाबाई हिलालसमोर बसलो. त्याला सांगायचं की नाही यावर आमचा जिन्यात वाद झाला होता. त्यांचं म्हणणं, जे दार तो टाळतोय ते आता उघडंच आहे, दाखवून बघू. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. वाल्मिक आला. त्याने स्वतः सगळं सांगितलं. आता तुम्हाला काही लपवायचं नाही.

 मग हिलालची नजर भिंतीवरून निघाली आणि हळूहळू माझ्यापाशी आली. तो घामाने भिजला होता. दंडावरच्या सुईच्या खुणेवर त्याने हात ठेवला, आणि ती कशाची ते त्याला कळेना. मधले पाच दिवस त्याच्यापाशी नव्हतेच. त्याने खोली पाहिली, पोलीस पाहिला, माझा काळा कोट पाहिला.

"तुम्हीन कोन?"

"तुझा वकील. श्रीरंग सोनवणे."

"मी सुटनू?"

"सुटशील. दोन-चार दिवसांत."

मला वाटलं तो हात जोडेल. वकिलाला त्या क्षणाची चटक असते, मी खोटं का बोलू? पण त्याने माझ्या कोटाची बाही मुठीत पकडली, इतकी घट्ट की शिवण उसवली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आणि संताप एकदमच आला.

"तुम्हीन मन्हा वकील," तो म्हणाला. "मंग मन्हा भाऊना वकील कोन शे?"

 मी बाही सोडवून घेतली नाही. दुसऱ्या हाताने पिशवीतून कोरं वकीलपत्र काढलं, मांडीवर ठेवलं, आणि वरच्या ओळीत वाल्मिकचं नाव लिहिलं.